घड्याळाखालचा कागद

घोडबंदर रोडवरच्या एका वाचकांचं पत्र आलंय. वय ४३, हातात येणारा पगार १ लाख १५ हजार, घराचा हप्ता ४४ हजार. मुलगी नववीत, पत्नी घर सांभाळते, ७४ वर्षांचे वडील सोबत राहतात. नेरुळच्या एका विक्रेत्याकडून त्यांना १९६७ चं ओमेगा सीमास्टर ऑटोमॅटिक घ्यायचंय, १ लाख ६५ हजारांना. १५ हजार टोकन देऊन त्यांनी घड्याळ दोन दिवसांसाठी घरी आणलं. ते लिहितात: ‘विक्रेता म्हणतो, पाच वर्षांत दुप्पट होईल. मुलीच्या इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनला उपयोगी पडेल. बाबांची ६ लाखांची एफडी नुकतीच मॅच्युअर झाली. त्यातले ३ लाख बँकेतल्या मॅडमनी एका चांगल्या प्लॅनमध्ये घातले, एकदाच भरायचे आणि २० वर्षांनी ६५ लाख. पॉलिसीचं पाकीट ६ तारखेला घरी आलं. उरलेल्या पैशांतून घड्याळ घेऊ ना? आणि ते अस्सल आहे की नाही, हे कसं ओळखायचं?’ सोबत घड्याळाचे सात फोटो आहेत.

नमस्कार. घड्याळाकडे येतोच, पण आधी तुमचाच तिसरा फोटो उघडा आणि मोठा करून बघा. घड्याळ तुम्ही जेवणाच्या टेबलावर त्या पॉलिसीच्या कागदावर ठेवलंय. पट्ट्याच्या डाव्या बाजूला एक ओळ स्पष्ट वाचता येते: प्रीमियम भरण्याची मुदत, १० वर्षे. तिच्याखाली वार्षिक प्रीमियम, ३ लाख.

एकदाच नाही. दहा वेळा. ३० लाख भरायचेत तुम्हाला.

तुमच्याच आकड्यांनुसार सगळा खर्च जाऊन महिन्याला पंधराएक हजार शिल्लक पडतात. ही पॉलिसी महिन्याला २५ हजार मागणार. पुढच्या वर्षी दुसरा हप्ता भरता आला नाही आणि पॉलिसी सोडलीत, तर पहिल्या ३ लाखांचा मोठा भाग बुडेल. आणि ते पैसे बाबांचे आहेत.

३ लाखांचे २० वर्षांत ६५ लाख म्हणजे वर्षाला साडेसोळा टक्के झाले. एवढी हमी देणारी विमा योजना या देशात नाही. दहा हप्ते धरून हिशेब मांडला की तेच ६५ लाख वर्षाला जेमतेम पाच टक्क्यांवर येतात. एवढं तर एफडीही देते, आणि एफडी वीस वर्षं हात बांधून ठेवत नाही. पैसे मिळतील तेव्हा तुम्ही ६३ वर्षांचे असाल. बाबांचं वय तुम्हीच मोजा.

तुम्हाला दोष देत नाही. पॉलिसी निघण्याआधी विमा कंपनीकडून खातरजमेचा फोन आला असेल, आणि ‘सगळ्याला हो म्हणा, नाहीतर प्रोसेस अडकते’ असं त्याआधी कुणीतरी सांगितलं असेल. असं सांगितलेली माणसं माझ्यासमोर बसून गेली आहेत, काही तर निवृत्त बँक कर्मचारी होते. मुदत संपलेली एफडी काउंटरवर दिसली की अशा विक्रीला ऊत येतो. मला याचा मनापासून राग आहे, कारण हे पैसे बहुतेक वेळा म्हाताऱ्या माणसांचे असतात.

सुदैवाने वेळ अजून गेलेली नाही. पॉलिसीचा कागद हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. याला ‘फ्री लूक’ म्हणतात. वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च, मुद्रांक शुल्क आणि मधल्या दिवसांच्या विमा संरक्षणाचे थोडे पैसे कापून बाकी रक्कम परत मिळते. आज २८ तारीख. आठवडाभर उरलाय आणि त्यात एक रविवार. अर्ज बँकेतल्या मॅडमकडे देऊ नका, थेट विमा कंपनीच्या शाखेत लेखी द्या. कारण साधं लिहा: ‘एकदाच भरायची म्हणून विकली, प्रत्यक्षात दहा वर्षांची निघाली.’ तारखेसह पोच घ्या, शिवाय कंपनीच्या अधिकृत पत्त्यावर ईमेल करा. नंतर फोन येतील, दुसऱ्या प्लॅनमध्ये बदलून देतो म्हणतील. एकच उत्तर द्या, पैसे परत हवेत. टाळाटाळ झाली तर विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार करा, आणि तिथेही काम झालं नाही तर विमा लोकपालांकडे जा.

परत आलेले ३ लाख आणि उरलेले ३, असे पूर्ण ६ लाख बाबांच्या नावावर जाऊ द्या. तुम्ही लिहिलंय की वागळे इस्टेटमधल्या कंपनीत त्यांची हयात गेली आणि पेन्शन महिन्याला अडीच हजारसुद्धा नाही. ४ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. सध्याच्या ८.२ टक्के दराने दर तीन महिन्यांनी ८,२०० रुपये त्यांच्या खात्यात येतील. २ लाख साध्या एफडीत ठेवा, दवाखान्यासाठी. त्यांचं आयुष्मान कार्डही काढा. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला उत्पन्नाची अट न घालता वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचारांचं संरक्षण आहे, मात्र यादीतल्या रुग्णालयांतच. तुमच्यासाठी १ कोटीचा टर्म इन्शुरन्स घ्या, तुमच्या वयाला वर्षाला वीस-पंचवीस हजारांच्या घरात पडेल. घर तुमच्या एकट्याच्या पगारावर चालतं आणि पत्रात याचा कुठे उल्लेखच नाही.

आता घड्याळ.

पाचवा फोटो तुम्ही मोठ्या कौतुकाने अंधारात काढलाय. काटे आणि खुणा हिरव्यागार चमकताहेत. मला नेमकी तिथेच शंका आली. डायलवर सहाच्या खाली ‘स्विस मेड’च्या दोन्ही बाजूंना बारीक ‘टी’ अक्षर आहे. ते ट्रिटियमचं, म्हणजे अंधारात चमकणाऱ्या किरणोत्सर्गी रंगाचं चिन्ह. ट्रिटियमची ताकद दर बारा वर्षांनी जवळपास निम्मी होते. १९६७ पासून साठेक वर्षं होत आली, म्हणजे आता पंचविसावा-तिसावा हिस्सा उरला असेल. इतकं जुनं घड्याळ अंधारात असं उजळत नाही. रंग नवा आहे, आणि काट्यांवर नवा रंग चढवणाऱ्याने डायल सोडली असेल यावर माझा विश्वास बसत नाही. सहाव्या फोटोत बघा, ‘स्विस मेड’ची अक्षरं मिनिटांच्या रेघांवर चढली आहेत. कारखान्यातून आलेल्या डायलवर असं होत नाही. हे रिडायल आहे, म्हणजे डायल पुन्हा रंगवलेली आहे.

आपल्याकडे हा जुना धंदा आहे. बाहेरच्या देशांतले संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात: आतलं मशीन खरं, जुनं, स्विस, पण डायल इथे रंगवलेली. फाव्र ल्युबा आणि सँडोझची अशी घड्याळं ढिगाने फिरतात. वेळ दाखवायला ती ठणठणीत असतात. पण अस्सलच्या भावात घेतलीत तर फसलात, कारण रिडायल म्हटलं की जाणकार किंमत निम्म्यावर आणतो, कधी त्याहूनही खाली.

नजर तयार करायची असेल तर साधन तुमच्या घरातच आहे. कपाटात बंद पडलेलं बाबांचं एचएमटी जनता, जे त्यांनी स्वतः नवं घेतलं आणि कधी उघडलंही नाही, ते बाहेर काढा. दहापट भिंगाखाली ‘जनता’ची शिरोरेषा बघा, कड कशी धारदार आहे, शाई कुठेही पसरलेली नाही. पंधरा मिनिटं तेच बघत बसा आणि मग भिंग या ओमेगावर धरा. फरक सांगायला माझी गरज पडणार नाही.

मशीन मात्र अजून तपासायचंय. विक्रेता कॅलिबर, म्हणजे मशीनचा मॉडेल क्रमांक, ५६५ म्हणतो. चावी पूर्ण बाहेर ओढली की दर ओढीला तारीख एकने पुढे सरकायला हवी. मग त्याच्यासमोर मागचं झाकण उघडायला सांगा. आत तांबूस झाक असलेलं मशीन, त्यावर ५६५ आणि २४-२५ दशलक्षांच्या आसपासचा क्रमांक दिसला तर १९६७ पटतं. झाकणाच्या आतल्या बाजूला ‘१६६’ने सुरू होणारा केसचा क्रमांक हवा. काचेच्या मधोमध ओमेगाचं टाचणीच्या टोकाएवढं चिन्ह नसलं तरी बिघडत नाही, काच बदलली जातेच.

अस्सलपणाच्या कागदांवर भिस्त ठेवू नका, खुद्द कंपनीही फसते. १९५७ चं म्हणवणारं ओमेगाचंच एक स्पीडमास्टर घड्याळ २०२१ मध्ये जिनिव्हात लिलावात ३१ लाख स्विस फ्रँकवर गेलं. घेणारी होती खुद्द ओमेगा, स्वतःच्या संग्रहालयासाठी. २०२३ मध्ये उघड झालं की ते सुट्या भागांतून जुळवलेलं होतं आणि त्यात कंपनीतल्याच काही माजी माणसांचा हात होता.

राहिलं ‘दुप्पट’. पाच वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला जवळपास पंधरा टक्के. शिवाय हेच घड्याळ उद्या विकायला गेलात तर विक्रेता पंचवीस-तीस टक्के कमीच देईल, म्हणजे साधारण १ लाख २० हजार. तिथून ३ लाख ३० हजारांवर जायला वर्षाला बावीस टक्के लागतात. हा हिशेब अस्सल डायल धरून आहे. वर चार-पाच वर्षांनी सर्व्हिसिंगचे आठ-दहा हजार. आणि मुलगी नववीत आहे, तेव्हा ॲडमिशन चार वर्षांतच येईल. त्यासाठी महिन्याला आठ हजारांची आवर्ती ठेव सुरू केलीत तर तेव्हा साडेचार लाखांच्या आसपास हातात असतील, आणि गिऱ्हाईक शोधत फिरावं लागणार नाही.

जुन्या घड्याळांची तुमची आवड खरी आहे, पत्रातून ती दिसते. पुढे स्वतःच्या बोनसमधून, परत मिळणार नाहीत असं धरून चाळीस-पन्नास हजारांचं घड्याळ घेतलंत तर मी अडवणार नाही. हे मात्र परत करा. टोकन मागताना पाचवा आणि सहावा फोटो विक्रेत्यासमोर ठेवा. ‘सगळं ओरिजिनल’ असं त्याने व्हॉट्सॲपवर लिहून दिलंय, तो मेसेज जपून ठेवा. पण नेरुळला शनिवारी जा. सोमवारी सकाळी आधी विमा कंपनीची शाखा, पॉलिसीचा मूळ कागद आणि अर्जाच्या दोन प्रती घेऊन.