कामकाजाचे सात दिवस, पण कुणाचे?

ताई, नमस्कार.

मेकॅनिकल डिप्लोमा झालेल्या तुमच्या लेकीला भोसरीच्या कारखान्याचं नेमणूकपत्र आलं, फार आनंद झाला. 'पत्र मिळाल्यापासून कामकाजाच्या सात दिवसांत कागदपत्रांसह रुजू व्हावे' या ओळीवरून घरात वाद चालू आहे. तहसील कचेरीत नोकरी करणारे तिचे बाबा शनिवार-रविवार सोडून मोजतात, तुम्हाला धाकधूक वाटते. वेळ थोडा होता म्हणून तुम्हाला फोनवर सांगितलंच. पण हा घोळ अनेक घरांत होतो, म्हणून इथेही लिहितो.

दिवस मोजायचे ते पत्र पाठवणाऱ्याच्या कॅलेंडरने. राज्य सरकारच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, त्यामुळे बाबांचा हिशेब त्यांच्या कचेरीपुरता बरोबर. भोसरी-पिंपरीकडे मात्र बहुतेक कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. सगळे एकाच वारी बंद राहिले, तर बाकीच्या दिवशी विजेवर ताण येतो. म्हणून भागाभागाचे सुट्टीचे वार वेगळे ठेवले गेले. तुमचं पत्र शुक्रवारी आलं. तो दिवस सोडला, तर शनिवार पहिला, रविवार दुसरा, बुधवार पाचवा. गुरुवार वगळा, पुढच्या शनिवारी सात भरतात. बाबांच्या हिशेबाने मंगळवार येतो. तेवढ्यात नोकरी हातची जाऊ शकते. कंपनीच्या एचआरला मेल करून शेवटची तारीख लेखी मागवा. असं विचारल्याने कुणी नाराज होत नाही.

खरी अडचण कागदपत्रांची आहे. शेवटचा दिवस शनिवार, आणि त्या दिवशी तहसील बंद. बँकाही दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बंद असतात. म्हणजे दाखला आणि पासबुक शुक्रवारपर्यंत हातात हवं.

रुजू होताना तिने एका दिवसाचा पगार कसा काढतात, तेही विचारावं. काही ठिकाणी महिन्याच्या पगाराला २६ ने भागतात, काही ठिकाणी ३० ने. बिनपगारी रजा पडली की हा फरक खिशाला जाणवतो. ग्रॅच्युइटीच्या हिशेबात महिना २६ दिवसांचाच धरतात.

'आमची सुट्टी कधी जुळणारच नाही का?' असं तुम्ही विचारलंय. दर आठवड्याची नाही जुळणार, हे खरं. तिसरी पाळी असली तर बुधवारी रात्री गेलेली लेक गुरुवारी सकाळी घरी येईल आणि निम्मी सुट्टी झोपेत जाईल. तेव्हा गुरुवारी तिच्यावर पाहुणे आणि बाजारहाट टाकू नका. तिला झोपू द्या, दुपारी सोबत जेवा.