गाडीमागचा डबा डुलतो, कोणता स्टॅबिलायझर घेऊ?

तुम्ही लिहिलंय, बोलेरोमागे दोन चाकांची छोटी कॅराव्हॅन आहे, साठच्या पुढे गेलं की डुलायला लागते, तर कोणता स्टॅबिलायझर (हुकाशी बसवून डुलणं दाबणारी जोडणी) घेऊ. घेऊ नका. आधी हुकावर किती वजन पडतंय ते बघा. ते न बघता स्टॅबिलायझर लावणं म्हणजे दुखतंय पोटात आणि बाम कपाळाला.

आमचा डबा कॅराव्हॅन नव्हता, कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा स्टॉल होता. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेसाठी बांधून घेतलेला, एकच ॲक्सल, रिकामा साधारण ७०० किलो. १५० लिटरची पाण्याची टाकी बांधणाऱ्याने सगळ्यात मागे बसवली, कारण नळ तिकडे सोयीचा. दाजींना ते फारच पसंत पडलं. टाकी भरून त्यांनी डब्याचा दांडा एका हाताने उचलून दाखवला. "बघा पाव्हणं, गाडीवर भारच नाही. इंजिनाला त्रास नाही, डिझेल वाचतंय." मी म्हटलं, दाजी, गाडी उलाळ झालीय. आजोबा बैलगाडीत ज्वारीची पोती रचताना नेहमी चाकाच्या जरा पुढं भार ठेवायचे. मागं भार गेला की जू वर उठतं आणि बैलांच्या गळ्याला जोत्याचा फास बसतो. दाजी हसले. "बैलगाडी वेगळी, बोलेरो वेगळी."

जत्रेनंतर तोच डबा पुण्याला एका प्रदर्शनाला न्यायचा होता. टाकी सोलापुरातच भरून घेतली, तेही दाजींच्या आग्रहाने, पुण्याचं पाणी चटणीला चालत नाही म्हणे. मोहोळ गेलं, काही नाही. टेंभुर्णीच्या अलीकडे मी ऐंशीवर होतो आणि शेजारून एक ट्रॅव्हल्स सुसाट गेली. तिच्या हवेने डबा आधी बाहेर ढकलला गेला, मग तिच्याकडे ओढला गेला. डाव्या आरशात डब्याचा कोपरा दिसला, मग उजव्या, मग परत डाव्या, दर वेळी आधीपेक्षा जास्त. बोलेरोचा मागचा भाग कुणी शेपूट धरून हलवावं तसा हलत होता. दाजी ओरडले, "रेस द्या, ताणलं की सरळ होतंय!" मी मूर्खासारखी दिली. त्याने आणखी पिसाळला. शेवटी पाय काढला, ब्रेकला हात नाही पाय नाही, स्टिअरिंग नुसतं सरळ धरून ठेवलं. चाळिसाच्या आसपास आपोआप शांत झाला. कडेला घेऊन दार उघडलं तर चटणीच्या बरण्या फुटून काचा, तेल आणि लाल तिखट फळीवरून माझ्या चपलेत.

घरी येऊन हिशेब केला. हुकापासून ॲक्सल ८ फूट, ॲक्सलच्या मागे टाकी ४ फूट. म्हणजे १५० किलो पाणी हुकावरचं ७५ किलो वजन उचलून घेत होतं. टाकी रिकामी असताना ८५, भरल्यावर उरले १०. दाजी एका हाताने उचलत होते ते हेच, आणि हुकावर भार नव्हता म्हणूनच डबा डुलला. नंतर टाकी बरोबर ॲक्सलवर आणली. आता भरा नाहीतर रिकामी करा, हुकावर तेच ८५. एकूण ८५० च्या दहा टक्के. युरोपात कॅराव्हॅनवाले पाच ते सात टक्के धरतात, अमेरिकेत दहा ते पंधरा. मला दहा मानवले.

मोजायला घरचा वजनकाटा पुरतो. सपाट जागा, डबा सुटा, चाकाला दगड, काट्यावर लाकडाचा ठोकळा आणि त्यावर दांडा, गाडीच्या हुकाइतक्याच उंचीला. सामान आत भरून मोजा, रिकामा मोजून उपयोग नाही. जड ते ॲक्सलजवळ आणि तळाला. मागच्या टोकाला गादी-उशा.

हुकावर वजन वाढवत सुटू नका मात्र. गाडीच्या पुस्तकात हुकाची मर्यादा असते, ती ओलांडली तर मागचं बसतं, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग लोण्यासारखं फिरतं आणि हेडलाइट झाडावर. टायरची हवाही बघा. हे सगळं करून थोडं डुलणं उरलंच तर स्टॅबिलायझरचा विचार करा. कोणता, ते ज्याने वापरलाय तो सांगेल. मला गरज पडली नाही. आणि हो, ऐंशी ही माझीच चूक होती. प्रत्येक जोडीचा एक वेग असतो, त्याच्या खाली डुलणं विरतं, वर गेलं की वाढत जातं. तुमचा साठ दिसतोय, वजन नीट होईपर्यंत पन्नासच्या वर जाऊ नका.

दाजी अजून प्रत्येक लग्नात सांगतात, "मी रेस द्यायला लावली म्हणून वाचलो." मागच्या महिन्यात त्यांनी कडब्यासाठी दोन चाकी ट्रॉली घेतली. परवा बहिणीचा फोन, वजनकाटा द्याल का, ह्यांनी मागवलाय. कशाला ते सांगत नाहीत म्हणे.