निकामी झालेले उपग्रह शेवटी कुठे जातात?

कुठे जातात ते उंचीवर ठरतं. भूस्थिर उपग्रह, म्हणजे पृथ्वीच्या वेगाने फिरत आकाशात एकाच जागी दिसणारा उपग्रह, ३५,७८६ किमीवर असतो. तिथून खाली आणण्याइतकं इंधन कोणी राखून ठेवू शकत नाही, म्हणून त्याला साधारण ३०० किमी आणखी वर ढकलतात. याला लागणारं इंधन म्हणजे त्याला जागेवर ठेवायच्या जेमतेम तीन महिन्यांचा खर्च. घोळ होतो तो मोजण्यात. वजनरहित अवस्थेत टाकीत किती इंधन उरलंय हे नेमकं कळत नाही, आणि अंदाज चुकला की उपग्रह अर्ध्या वाटेत अडकतो. वर पोचल्यावर उरलेलं इंधन सोडून द्यायचं आणि बॅटऱ्यांमधली वीज संपवून टाकायची. यात हयगय नको, नाहीतर पुढे कधीतरी स्फोट होऊन तुकडे पसरतात.

खालच्या कक्षेतले छोटे उपग्रह वातावरणात जळून जातात. मोठ्यांच्या टायटॅनियमच्या टाक्या मात्र टिकतात. म्हणून ते दक्षिण प्रशांत महासागरात, पॉइंट निमोच्या आसपासच्या निर्जन पट्ट्यात पाडतात. निमोपासून सगळ्यात जवळची जमीन सुमारे २,७०० किमीवर आहे. रशियाचं मीर अंतराळ स्थानक २००१ मध्ये दक्षिण प्रशांतातच उतरवलं. १९७९ मध्ये स्कायलॅब या अमेरिकी अंतराळ स्थानकावर पुरेसं नियंत्रण नव्हतं, त्याचे तुकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले.