अमेरिकेच्या दक्षिणेत वादळग्रस्तांची घरं बांधायला स्वयंसेवक म्हणून जावं का?

तुम्ही विचारलंय की पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत दक्षिणेतल्या एखाद्या छोट्या गावात घरं उभारायला जायचंय, पण आयुष्यात हातोडी धरलेली नाही. तर खरंच उपयोग होईल, की नुसती अडगळ व्हाल?

उपयोग होईल. फक्त आठवड्याभरासाठी जाऊ नका. पहिला आठवडा शिकण्यातच जातो, आणि शिकवणाऱ्याचाही वेळ जातो. तीन-चार आठवडे काढू शकत असाल तर जरूर जा.

मी २००७ च्या उन्हाळ्यात मिसिसिपीतल्या वेव्हलँडमध्ये नऊ आठवडे होतो. कॉम्प्युटरमधल्या एम.एस.चं पहिलं वर्ष नुकतंच संपलं होतं. राहायला एका चर्चचा हॉल, झोपायला बंकबेड, सकाळी सहाला नाश्ता आणि साडेसहाला कामावर, कारण दुपारी एकनंतर त्या दमट उन्हात छपरावर उभं राहवत नाही.

कॅटरिना वादळ २९ ऑगस्ट २००५ ला आलं. टीव्हीवर सगळं न्यू ऑर्लिन्सच दिसत होतं. तिथे पूररोधक भिंती फुटून शहरात पाणी भरलं. मिसिसिपीच्या किनाऱ्यावर मात्र समुद्रच गावात चालून आला. शेजारच्या पास क्रिश्चन गावात पाणी सुमारे २८ फूट चढलं होतं. वेव्हलँड म्हणजे जेमतेम साडेसहा हजार वस्तीचं गाव. रेल्वेचे रूळ आणि समुद्र यांच्यामधल्या पट्ट्यात जवळजवळ काहीच उभं राहिलं नाही. वादळ येऊन दोन वर्षं होत आली होती, तरी मी पाहिलं ते हेच: गुडघाभर गवतात सिमेंटची जोती, आणि त्यांना लागून तीन-चार पायऱ्या. वर दार नाही, भिंत नाही. जुने ओक मात्र बरेचसे टिकले होते.

लोक वेळेवर निघून का गेले नाहीत, असं मीही मनात म्हटलं होतं. उत्तर तिथल्या म्हाताऱ्यांनीच दिलं. १९६९ मध्ये कमील नावाचं भयंकर वादळ याच किनाऱ्यावर आलं होतं. ज्यांच्या घरात तेव्हा पाणी शिरलं नाही, त्यांना वाटलं, आता काय शिरणार! एकट्या मिसिसिपीत कॅटरिनाने २३० हून जास्त माणसं गेली.

दोन वर्षांनीही घरं का झाली नव्हती, तेही समजून घेऊन जा, नाहीतर लोकांचा राग कळणार नाही. घराच्या नेहमीच्या विम्यात वाऱ्याने झालेलं नुकसान मिळतं, पुराचं नाही. पुराचा विमा वेगळा, सरकारी योजनेतला, आणि नकाशावर पूरक्षेत्राबाहेर असलेल्या अनेकांनी तो घेतलेलाच नव्हता. घर वाऱ्याने पडलं की पाण्याने, यावर वर्षानुवर्षं वाद. जिथे नुसतं जोतं उरलंय तिथे पुरावा तरी कशाचा देणार? तोवर माणसं सरकारी ट्रेलरमध्ये, म्हणजे आपल्या एस.टी.हून लहान डब्यात, कुटुंबासकट राहत होती.

आता कामाचं. तिकडची घरं लाकडाच्या सांगाड्याची. सोळा-सोळा इंचांवर उभे लाकडी खांब, त्यांना स्टड म्हणतात. बाहेरून प्लायवूड, आतून जिप्समचे बोर्ड, आपल्याकडे फॉल्स सीलिंगला लावतात तसे. वादळाच्या प्रदेशात वासा आणि भिंत यांना जोडणारी एक लोखंडी पट्टी ठोकतात, कारण वारा छप्पर दाबत नाही, उचलतो. माझ्या वाट्याला पहिले दोन आठवडे नुसत्या या पट्ट्याच आल्या. पोटमाळ्यावर वाकून, हात डोक्यावर धरून, एका पट्टीला दहा-दहा खिळे.

त्यानंतर लांबी, म्हणजे पुट्टी, भरणं. बोर्डांच्या सांध्यांवर कागदी पट्टी लावायची, वरून लांबीचा हात, वाळू द्यायचं, पॉलिशपेपर, पुन्हा हात, असं तीनदा. त्या हवेत एक हात वाळायला कधीकधी दोन दिवस लागायचे. हे काम कोणालाच नको असतं. आठवड्यासाठी आलेल्या गटांना भिंत उभी करायची असते, कारण भिंत एका दिवसात उभी राहते आणि फोटो चांगला येतो. पण घरं अडकलेली असतात ती लांबी, रंग, दारं, नळ इथेच. तुम्हाला काही येत नसेल तर हेच काम मागून घ्या. मी ते सहा आठवडे केलं, आणि माझ्या हातून नीट झालेलं तेवढंच.

आम्ही ज्यांचं घर बांधत होतो त्या सत्तरीच्या बाई होत्या. तिकडे वडीलधाऱ्या बाईंच्या नावाआधी ‘मिस’ लावून हाक मारतात. आम्हीही तसंच म्हणायचो. नकाशात स्वयंपाकघराची खिडकी बाजूच्या भिंतीत होती. त्या रोज यायच्या, बघायच्या, काही बोलायच्या नाहीत. तिसऱ्या आठवड्यात एकदा हळूच म्हणाल्या, माझी खिडकी सिंकच्या समोर होती, ओक दिसायचा. आमचा मुकादम क्षणभर गप्प राहिला. मग त्याने खांब उसकटायला लावले. अख्खा दिवस गेला. मला त्याचा फार आदर वाटला.

मला ते इतकं लागलं याचं कारण आहे. मी उमरग्याचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं ओझं. झोपलेली माणसं त्याखाली गेली. मामाचं गाव नव्या जागी वसवलं. घर पक्कं मिळालं, त्याबद्दल मामा नेहमी कृतज्ञ होता. पण ढेलज कुठे हवी, दार कुठल्या दिशेला, शेजारी कोण, हे त्याला कोणी विचारलं नाही. आजी मरेपर्यंत त्याला ‘सरकारचं घर’ म्हणायची. म्हणून सांगतो, कामाला लागण्याआधी घरच्या माणसाला विचारा. लाजू नका.

बोर्ड लावण्याआधी तिथे एक पद्धत आहे. घरचे लोक उघड्या खांबांवर मार्करने बायबलमधली वचनं, नातवंडांची नावं लिहितात. बाई मला म्हणाल्या, तूही तुझ्या भाषेत लिही. मी मामाच्या जुन्या गावाचं नाव लिहिलं आणि त्यावर बोर्ड ठोकला.

बाकी व्यवहाराचं: धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन जा. पाण्यात राहिलेल्या घरात बुरशी असते, तेव्हा एन-९५ मास्कशिवाय आत पाऊल टाकू नका. विद्यार्थी व्हिसावर असाल तर कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात आधी विचारा, आणि कामाच्या बदल्यात पैसे घेऊ नका.

आणि शक्य असेल तर उन्हाळ्यानंतर पुन्हा जा. ऑगस्ट संपला की विद्यार्थी परततात आणि कामं तशीच राहतात. मी नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या चार दिवसांत गेलो. बाई राहायला आल्या होत्या, पण स्वयंपाकघरातल्या कपाटांना दारं नव्हती. चौदा दारं बसवायची होती. मी आणि आणखी एकाने मिळून ती तीन दिवसांत बसवली.