एका 'डी'चे तीन अर्थ : जुनी स्वीडिश चर्च-दप्तरं वाचताना

प्रश्न : यजमान स्वीडिश आहेत. त्यांच्या एका पूर्वजेची जन्मतारीख '12 7बीआर 1784' दिसते. जुलैत शोधलं, नोंद सापडत नाही.

उत्तर : सप्टेंबरमध्ये पाहा. लॅटिनमध्ये 'सेप्टेम' म्हणजे सात, म्हणून पाद्री तेवढ्या अक्षरांऐवजी 7 चा आकडा घालत; 'बीआर' म्हणजे उरलेलं 'बर'. 8बीआर ऑक्टोबर, 9बीआर नोव्हेंबर, 10बीआर किंवा एक्सबीआर डिसेंबर.

प्रश्न : 'डी.' म्हणजे मृत असं वाचलं होतं. एकाच घरात चार मुलांपुढे 'डी.' आहे. सगळी गेली का हो?

उत्तर : नाही, जीव भांड्यात पडू द्या! तुम्ही पाठवलेलं पान पाद्री घरोघरी धर्मज्ञान तपासत, त्या वहीतलं आहे. तिथे नावाआधीचा 'डी.' म्हणजे 'डोटर', मुलगी. तुमच्याकडे चार लेकी आहेत. 'एस.' मुलगा, 'एच.' बायको. तारखेआधी 'डी.' आला तर तो नुसता 'डेन', इंग्रजीतल्या 'द'सारखा: 'डी. 4 माय' म्हणजे 4 मे, बाकी काही नाही. मृत्यूचा 'डी.' ओळखायचा तो रकान्यावरून.

'डीआर' त्याहून फसवा. पुरुषाच्या नावाआधी असेल तर 'ड्रेंग', शेतावरचा गडी. बाईच्या वडिलांच्या नावाला चिकटला तर पुन्हा मुलगीच: 'आना अँडर्सडीआर' म्हणजे अँडर्सची आना. संक्षेपांच्या छापील यादीवर विसंबू नका. त्याच पाद्रीच्या हातच्या वरच्या-खालच्या दहा ओळी आधी वाचा, मी रोज तेच करतो.

प्रश्न : बाप्तिस्म्याला तारीखच नाही, 'डोम. 3 पी. ट्रिन.' एवढंच आहे.

उत्तर : ट्रिनिटी या ख्रिस्ती सणानंतरचा तिसरा रविवार. ट्रिनिटीचा रविवार ईस्टरनंतर आठ आठवड्यांनी येतो. ईस्टर 4 एप्रिलला असेल तर हा रविवार 20 जूनला. त्या वर्षीचा ईस्टर आधी काढा.

प्रश्न : नवऱ्याच्या खापरपणजोबांच्या जन्मनोंदीत 'ओए.' आहे, वडिलांचं नाव नाही. सासूबाई म्हणतात, वंशावळीत घालू नकोस.

उत्तर : 'ओएक्ता', म्हणजे लग्नाबाहेर जन्मलेलं मूल. आईपुढे 'पीग.' आहे, ती कुणाच्या तरी घरी मोलकरीण होती. 1778 च्या कायद्याने अशा आईला नाव न सांगता बाळंत होण्याची मुभा होती, तरी हिने नाव दिलं. ते तुम्ही खोडू नका, असं मी कळकळीने सांगेन. लग्नाबाहेरचा संबंध 1864 पर्यंत गुन्हा होता, त्यामुळे मुलाचा जन्म त्याआधीचा असेल तर त्या भागातल्या न्यायालयाच्या वह्या, 'डोमबोक', जरूर पाहा. वडिलांचं नाव तिथे सापडू शकतं.