शेजाऱ्याचा पाळीव कुत्रा आईला चावला, तो म्हणतो खर्च देतो पण तक्रार करू नका, काय करावं?

आधी आईंची जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच सरकारी दवाखान्यात न्या, रेबीजचा एकही डोस चुकवू नका, बाकी सगळं नंतर. केसपेपरवर "शेजाऱ्याचा पाळीव कुत्रा चावला" असंच लिहून घ्या, नुसतं "कुत्रा चावला" नको, कारण पुढे तोच माणूस म्हणतो की भटका असेल, आणि मग तुमच्याकडे दाखवायला काहीच नसतं. जखमेचे फोटो आजचे, उद्याचे, टाके निघाल्यावरचे, सगळे ठेवा. फाटलेली साडी धुऊ नका. औषधांची बिलं, रिक्षाचे पैसे, बुडालेली रजा सगळं एका वहीत तारखेसकट लिहा. सोसायटीचं सीसीटीव्ही फुटेज आजच मागा, थोड्या दिवसांत पुसलं जातं.

पोलीस स्टेशनला लेखी तक्रार द्याच. भारतीय न्याय संहितेचं कलम 291 याचसाठी आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण दंड सरकारजमा होतो, भरपाईसाठी दिवाणी दावा वेगळा, वकिलाला लवकर भेटा. तो पैसे देत असेल तर ऑनलाइन घ्या, पण "आता काही तक्रार नाही" अशा कागदावर आईंची सही अजिबात करू देऊ नका, निदान शेवटचं इंजेक्शन होऊन जखम भरेपर्यंत तरी.