बदली माणसाची ओळ

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. फाउंडेशनमध्ये ज्येष्ठांच्या आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांच्या अनुदानाचं काम तुझ्याकडे आलंय, टेबलावर चाळीसेक प्रस्ताव पडलेत, विश्वस्तांची बैठक दोन महिन्यांवर आलीय आणि ‘चांगला प्रस्ताव ओळखायचा कसा’ असं तू विचारतेस. ते तुला तुझ्या ऑफिसात कुणीही शिकवेल. मी त्याऐवजी माझी एक चूक सांगते.

मला या कामात चार-पाच वर्षं झाली होती, म्हणजे आपल्याला सगळं कळतं असं वाटायचा तो काळ. एका लहान संस्थेचा प्रस्ताव आला. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांच्या घरच्यांसाठी सहा सत्रांचं प्रशिक्षण होतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस कशी बदलायची, आपली कंबर न मोडता त्याला उठवून कसं बसवायचं, तोच प्रश्न विसाव्यांदा विचारला तर आवाज न चढवता काय बोलायचं. प्रस्ताव नेटका होता. अंदाजपत्रकात मात्र एक ओळ खटकली: ‘सत्राच्या वेळी घरी थांबायला बदली माणूस’. एकूण खर्चाचा जवळजवळ तिसरा हिस्सा तिथेच जात होता. मी पेन्सिलीने ती ओळ खोडली आणि समासात लिहिलं, ‘कार्यक्रमाशी थेट संबंध नाही.’ संस्थेने हुज्जत घातली नाही. देणाऱ्याशी हुज्जत कोण घालतं?

दुसऱ्या सत्राला मी पाहायला गेले. खुर्च्या पंचवीस, माणसं चार. त्यातल्या एका बाईंनी खांद्यावरची पर्ससुद्धा खाली ठेवली नव्हती. फोन मांडीवर उपडा नाही, सरळ ठेवलेला, आणि नजर दर दोन मिनिटांनी त्याच्यावर. चाळीस मिनिटं झाल्यावर त्या काही न बोलता उठून गेल्या. नंतर समन्वयक मुलगी मला म्हणाली, ‘आईला आत ठेवून बाहेरून कुलूप लावून आल्या होत्या.’ त्या वर्षीच्या अहवालात आम्ही ‘प्रतिसाद अपेक्षेपेक्षा कमी’ असं लिहिलं. वाक्य खरंच होतं.

म्हणून पहिलं सांगणं हे, की ज्येष्ठांच्या कामाचा कुठलाही प्रस्ताव दोनदा वाच. दुसऱ्यांदा वाचताना म्हाताऱ्या माणसाकडे बघूच नकोस, फक्त त्याच्या शेजारचं माणूस शोध. बहुतेक प्रस्तावांत ते पान चारवर एकदा येतं आणि मग नाहीसं होतं. प्रस्ताव लिहिणाऱ्यांचा यात फारसा दोष नाही. जगच असं बघत आलंय. अमेरिकेत ज्येष्ठांसाठीचा मोठा कायदा १९६५ मध्ये झाला, पण त्यात कुटुंबातल्या काळजी घेणाऱ्यांसाठी स्वतंत्र कार्यक्रम यायला २००० साल उजाडलं. ब्रिटनमध्ये मेरी वेबस्टर नावाच्या एका धर्मोपदेशिकेने आईवडिलांसाठी नोकरी सोडली आणि १९६३ मध्ये, आपल्यासारख्या बायकांचं काय चाललंय ते वर्तमानपत्राला पत्र लिहून कळवलं. त्यातून १९६५ मध्ये संघटना उभी राहिली, १९७६ मध्ये घरी काळजी घेणाऱ्यांसाठी सरकारी भत्ता सुरू झाला. पण तो भत्ता विवाहित स्त्रियांना मिळत नसे. त्या काय, घरीच असतात! आईची काळजी घेणाऱ्या जॅकलिन ड्रेक युरोपच्या न्यायालयापर्यंत गेल्या, तेव्हा कुठे १९८६ मध्ये तो नियम गेला. माझी पेन्सिल आणि तो नियम यांत मला फार फरक दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी दिल्या जाणाऱ्या काळजीच्या तासांपैकी ७० टक्के तास स्त्रियांचे असतात. अंदाजपत्रकात ते कुठे दिसतात, हे एकदा तुझ्या त्या चाळीस प्रस्तावांत बघ.

आणि हो, ‘केअरगिव्हर’ हा शब्द. आपल्या सगळ्या फॉर्मवर तोच असतो. ज्यांच्यासाठी तो छापलाय त्यांना तो आपल्याबद्दल आहे हेच कळत नाही. ‘छे हो, मी कुठली केअरगिव्हर, मी तर त्यांची सून,’ हे मी इतक्या वेळा ऐकलंय की एखाद्या संस्थेच्या पत्रकावर ‘घरात कुणाला उठवता-बसवता का?’ असं साधं वाक्य दिसलं, की माझं मत निम्मं तिथेच बनतं.

आता पैसे कशावर द्यायचे. माझ्या लेखी या क्षेत्रात विकत घेण्यासारखी वस्तू एकच, वेळ. घरी येऊन चार तास थांबणारं माणूस, दिवसाचं केंद्र, आठवडाभर रुग्णाला ठेवून घेणारी जागा, ही सगळी त्याचीच रूपं. पण ‘विसावा सेवा’ असं प्रस्तावात वाचून खूश होऊ नकोस. कुठले तास, ते विचार. केंद्र दहा ते चार उघडं असेल आणि लेकीची नोकरी नऊ ते सहा, तर ते केंद्र तिच्यासाठी नाहीच. नेण्या-आणण्याची गाडी कुणाची? दहाला पोचवायचं तर अंघोळ, कपडे, औषधं यांत सकाळचे दोन तास गेलेले असतात. म्हणजे सहा तासांच्या सुट्टीतले किती उरले? आणि रात्रींचं काय? रात्रीचे तास सगळ्यात महाग आणि सगळ्यात गरजेचे. प्रस्तावांत ते जवळजवळ नसतातच.

रात्रीवरून एक वही आठवली. एका आजोबांची, बायकोसाठी ठेवलेली. शाळेची रेघी वही, पेन्सिलीने आखलेले तीन रकाने. पहिल्यात तारीख, दुसऱ्यात वेळ, तिसऱ्यात एकच अक्षर. ‘१:१० ल. २:४० ल. ३:१५ भ. ५:०० उ.’ ल म्हणजे लघवी, भ म्हणजे भीती वाटली, उ म्हणजे ती उठलीच. मी आमचा एक्केचाळीस रकान्यांचा मूल्यमापनाचा फॉर्म घेऊन गेले होते, तो पिशवीतच राहिला. पुढे त्या संस्थेशी बोलून आम्ही एकच आकडा विचारायचं ठरवलं: गेल्या आठवड्यात रात्री किती वेळा उठावं लागलं? तो आकडा कमी झाला तर काम चाललंय.

मोजमापाची शास्त्रशुद्ध साधनं वाईट नसतात. काळजी घेणाऱ्यावरचा भार मोजणारी झारिट यांची प्रश्नावली १९८० पासून वापरात आहे. तिचं रुळलेलं रूप २२ प्रश्नांचं, गुण ० ते ८८. संस्थेला झेपत असेल तर जरूर वापरू दे. पण मदत सुरू झाल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत भार वाढलेला दिसणं मी स्वतः पाहिलंय. तोवर ‘काही त्रास नाही’ म्हणणारी माणसं, कुणीतरी ऐकतंय म्हटल्यावर खरं बोलू लागतात. अशा वेळी दुसरा हप्ता अडवलास, तर खरं बोलण्याची शिक्षा दिल्यासारखं होईल.

आपल्या पैशाबद्दलही थोडं स्पष्ट बोलते. तू विश्वस्तांपुढे जाशील तेव्हा कुणीतरी म्हणेलच, की आपण किती ज्येष्ठांपर्यंत पोचलो? पोचण्यात सरकारशी आपली बरोबरी होणार नाही. पेन्शन, रुग्णालयं, विमा ही त्यांची कामं. अमेरिकेत खासगी फाउंडेशनवर दरवर्षी ठरावीक रक्कम वाटण्याचं बंधन १९६९ च्या करकायद्याने आलं. आज ते गुंतवलेल्या मालमत्तेच्या साधारण ५ टक्के आहे. उरलेले ९५ पुढच्या वर्षासाठी तसेच राहतात. म्हणजे फाउंडेशनकडे पैसा फार असतो असं नाही, पण त्याला घाई नसते. निवडणूक नाही, तिमाही नफा नाही. ही सवड वापरली नाही तर आपण नुसतं लहान, संथ सरकार.

ती वापरल्याची उदाहरणं आहेत. किराणा दुकानांच्या साखळीतून आलेल्या पैशावर १९२९ साली न्यूयॉर्कला उभं राहिलेलं जॉन ए. हार्टफर्ड फाउंडेशन १९८० च्या दशकात वृद्धांच्या आरोग्याकडे वळलं आणि तिथेच टिकून राहिलं. वृद्धांवर उपचार करणारे डॉक्टर, परिचारिका, समाजसेवक घडवण्यावर त्यांनी वर्षानुवर्षं खर्च केला. २०१७ मध्ये रुग्णालयं ज्येष्ठस्नेही करण्याचा उपक्रम भागीदार संस्थांबरोबर सुरू केला. त्याचा गाभा चार गोष्टींचा: या माणसाला काय महत्त्वाचं वाटतं, औषधं, मन आणि बुद्धी, हालचाल. एवढंच. तुझे विश्वस्त विचारतील, ‘यात नवीन काय?’ नवीन काहीच नाही. पण प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत, प्रत्येक वेळी या चारही गोष्टी बघायची सवय लावायची, तर त्याआधी तीन दशकं माणसं घडवावी लागतात. दुसरं उदाहरण अमेरिकन उद्योजक चक फीनींच्या अटलांटिक फिलान्थ्रॉपीज या दानसंस्थेचं. सगळा पैसा हयातीतच वाटून टाकायचा असं ठरवून २०२० मध्ये ती संस्था बंद झाली. आयर्लंडच्या स्मृतिभ्रंश धोरणाला, २०१४ च्या, त्यांनी सरकारबरोबर पैसे घातले. आपण गेल्यावर काम कोण चालवणार, याचं उत्तर आधीच शोधलेलं होतं. तूही तो प्रश्न संस्थेला पहिल्याच भेटीत विचार. शेवटच्या वर्षी विचारला तर तो प्रश्न राहत नाही, धमकी होते.

आणि एक उदाहरण खास माझ्या पेन्सिलीसाठी. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ‘केपेबल’ नावाची पद्धत तयार झाली. घरी राहणाऱ्या ज्येष्ठांकडे तिघं जातात: परिचारिका, ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं स्वतःची स्वतः जमावीत म्हणून मदत करणारा) आणि दुरुस्ती करणारा कारागीर. जिन्याला कठडा बसवायचा, न्हाणीघरात धरायला दांडी, उखडलेली फरशी नीट करायची. काय दुरुस्त करायचं ते त्या माणसाने स्वतः सांगायचं. तिथे लोकांना रोजची कामं करणं सोपं गेल्याचं दिसलं. तो प्रस्ताव माझ्याकडे आला असता तर मी तिघांपैकी कुणाला खोडलं असतं, तुला कळलंच असेल.

बाकीचं भराभर सांगते. एक वर्षाचं अनुदान शक्यतो देऊ नकोस. पहिले तीन महिने माणसं नेमण्यात जातात, शेवटचे तीन अहवालात, आणि मधल्या सहा महिन्यांत मदतनीस दुसरी नोकरी शोधत असते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला नवा चेहरा म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, म्हणून मदतनिसांचे पगार हा ‘वरखर्च’ नसून तेच काम आहे, हे विश्वस्तांना पटवावं लागेल. इमारतीला दाता सहज मिळतो, भिंतीवर पाटी लागते. रात्रपाळीच्या मावशींच्या पगारावर कोण पाटी लावणार? चाकाच्या खुर्च्यांच्या वाटपाचे समारंभ टाळ. दारातून आत न जाणाऱ्या खुर्च्या मी अंगणात पावसात भिजताना पाहिल्यात. अॅपचे प्रस्ताव येतील, ढिगाने येतील. ज्याच्या दोन्ही हातांत माणूस आहे तो फोन कशाने धरणार, एवढं विचार आणि मग ठरव.

भेटीला जाशील तेव्हा वेळ त्यांना ठरवू दे, आणि फोटो काढू नकोस. घरच्यांनी हो म्हटलं तरी ज्याचा फोटो काढायचा त्याला आज आठवतंय का, उद्या आठवेल का, हा प्रश्न उरतोच.

एका गोष्टीवर मात्र थांबते, कारण ती मला फार उशिरा दिसली. आमच्या अहवालाच्या नमुन्यात ‘गळती’ असा रकाना होता, कार्यक्रम अर्धवट सोडणाऱ्यांचा. एका वर्षी एका संस्थेची गळती फार दिसली म्हणून मी फोन केला. पलीकडे थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग उत्तर आलं, ‘मॅडम, ती माणसं वारली.’ आमच्या नमुन्यात मृत्यूला जागाच नव्हती. ज्येष्ठांच्या कार्यक्रमात! त्याहून वाईट हे, की माणूस गेलं त्या दिवसापासून त्याची काळजी घेणारी व्यक्तीही यादीतून जायची, कारण ती ‘लाभार्थी’ उरायची नाही. आठ-आठ वर्षं रात्री तीनला उठलेली बाई त्यानंतरही तीनलाच उठते. तिची नोकरी गेलेली असते, मैत्रिणी तुटलेल्या असतात, हातात पलंग आणि उरलेली औषधं. मृत्यूनंतरचे सहा महिने अनुदानात धरायला मी त्यानंतर प्रत्येक संस्थेला सांगू लागले. फार पैसे लागत नाहीत. आठवड्याला एक फोन, महिन्याला एक भेट. तुझ्या नमुन्यात तो रकाना कसा आहे, ते आजच बघ.

तू नमुन्यादाखल पाठवलेले तीन प्रस्ताव वाचले. पहिला देखणा आहे, त्याला दुसरीकडूनही पैसे मिळतील. तिसऱ्याबद्दल सवडीने बोलू. दुसऱ्यात भाषा गबाळी आहे आणि ‘इतर’ या नावाखाली बरीच मोठी रक्कम टाकलीय, म्हणून तू समासात प्रश्नचिन्ह केलंयस. ती ओळ खोडू नकोस. त्यांना फोन कर आणि ‘इतर’मध्ये काय काय आहे ते सगळं सांगू दे. फक्त दुपारी कर. सकाळी ती मंडळी लोकांच्या घरी अंघोळी घालत असतात.

तुझी,
मॅडम